सात भोकं

तोरिनो, ४ सप्टेंबर १९२१

डेल्फिना वहिनींना रेमिजोचा नमस्कार.

वहिनी लिहावं की नुसतं डेल्फिना, यावर बराच वेळ टाक हातात धरून बसलो होतो. ऑगस्टात तुमच्या अंगणात जे विचारलं, त्याचं उत्तर तुम्ही सान मार्तिनोच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, देणार आहात. तोवर वहिनीच बरं. त्या दिवशी तुमच्या शेताचा करार संपतो. एकतर पुन्हा सही करून वर्षभर तिथेच राहायचं, नाहीतर भांडीकुंडी गाडीत भरून माझ्याकडे तोरिनोला यायचं. मी खिडकीला नवा पडदा लावलाय. आशा वाईट असते, दुसरं काय.

पण आज पत्र लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जायला नको. एवाझियोचं इंजिन सापडलंय.

तेच. त्या गाडीचं. शर्यतीनंतर ओर्मेझानो साहेबांनी ते आपल्या मळ्यावर नेलं होतं, तिथल्या गोठ्यात गोणपाटाखाली पंधरा वर्षं पडून होतं. साहेब गाडी चालवायला बसत आणि माझा भाऊ एवाझियो मेकॅनिक म्हणून त्यांच्या डाव्या हाताला, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्यांनी ते कोणालाच विकलं नाही, आणि आता अचानक रेशीम गिरणीवाल्या बाल्बिसच्या धाकट्याला देऊन टाकलं. त्याला ते नव्या सांगाड्यावर चढवून वसंतात टेकडीच्या शर्यतीत पळवायचंय. आजकालची इंजिनं म्हणजे शिवणयंत्रं, असं तो म्हणतो. मुलगा वाईट नाही, फक्त त्याला काही माहीत नाही. हे इंजिन ओळखणारा माणूस म्हणून त्याने मला शोधून काढलं.

परवा गोणपाट काढलं. वहिनी, मी विसरलो होतो ते केवढं आहे. चारच सिलिंडर, पण एकेक दुधाच्या कॅनएवढा. आत हात घातला तर खांद्यापर्यंत जातो. त्या काळी आम्हाला एवढंच कळायचं, की जास्त जोर हवा तर मोठं भांडं करा. नियम होता की अख्खी गाडी हजार किलोच्या आत हवी, आणि इंजिनच त्यातलं निम्मं खाऊन बसायचं. उरलेल्यात चाकं, सांगाडा, पेट्रोलची टाकी आणि दोन वेडे.

नको असेल तर हे काम सोडतो. सांगा.

तुमचा
रेमिजो


मोंतेरूवो, १० सप्टेंबर

रेमिजो भावोजी,

काम सोडू नका. आणि पडद्याचं कौतुक पुरे, त्याला शिवण कोण घालून देणार होतं ते आधी सांगा.

तुमचं पत्र वाचून मी द्राक्षांच्या वेलींत जाऊन बसले. रडले नाही. रडायचं ते केव्हाच संपलंय.

भावोजी, तुम्हाला ठाऊक आहे मी तुम्हाला तिथल्या तिथे हो का म्हटलं नाही. तुम्ही चांगले आहात. माझ्या छपराची कौलं तुम्ही बदलता, तापात मला तुम्ही सूप पाजलंत. पण मी ज्या एवाझियोची बायको म्हणून जगतेय तो कसला माणूस होता, ते लोकांनी ठरवून टाकलंय. ओर्मेझानो साहेबांनी चौकशीत सांगितलं, की शेजारचा माणूस घाबरून गोठला, खांद्यावर हात मारून इशारा दिलाच नाही, म्हणून गाडी खड्ड्यात गेली. साहेबांचा एक पाय गेला आणि आमचा अख्खा माणूस. पण साहेबांचं वाक्य राहिलं. इथे पाणवठ्यावर कोणी उत्तर द्यायला वेळ लावला की बायका अजून म्हणतात, अगं बोल की, एवाझियोसारखी गोठलीस काय. माझ्यासमोर म्हणतात आणि मग जीभ चावतात. दर वेळी चावतात.

त्याच्या नावावरचा तो डाग घेऊन मी तुमच्या घरात यायचं, आणि त्याच आडनावात राहायचं, हे मला जड जातं. एवढं एकच आहे.

म्हणून एक काम करा. तुम्हा लोकांची रीत आहे ना, इंजिनाच्या कुशीतलं झाकण जो शेवटचं बंद करतो, तो आतल्या बाजूला टोच्याने काहीतरी कोरून ठेवतो, पुढे उघडणाऱ्यासाठी. मी लग्नाला हो म्हटलं त्या दिवशी त्याने एका इंजिनात तसं कोरलं होतं, आणि ते इंजिन अर्जेंटिनाला गेलं. माझा होकार तिकडे कोणाच्या तरी शेतात फिरत असेल. या इंजिनाचं झाकणही शर्यतीच्या सकाळी त्यानेच लावलं असणार. आत काय लिहिलंय ते बघून मला अक्षरशः कळवा.

डेल्फिना


तोरिनो, २० सप्टेंबर

वहिनी,

झाकण उघडलं होतं. आतलं वंगणाचं एरंडेल तेल पंधरा वर्षांत वाळून डिंकासारखं घट्ट झालंय, खालचं नीट दिसत नाही. तारीख आहे. २ सप्टेंबर १९०६. बाकी काही नाही.

काल इंजिन सुरू केलं. हँडल फिरवायला दोघं लागलो, मी आणि बाल्बिसचा गाडीवान. तो बिचारा विचारत होता, उलटा झटका बसला तर काय. मी म्हटलं मनगट जातं, दुसरं आहे ना. तिसऱ्या फेऱ्याला पहिला बार उडाला आणि छपरावरची सगळी कबुतरं गेली ती संध्याकाळपर्यंत परतली नाहीत. मग ते चालायला लागलं. तुम्ही ते ऐकलेलं नाही. ते भरभर चालत नाही. ठोके मोजता येतात, एक, दोन, तीन, चार, आणि तिसरा किंचित ओढून येतो. एवाझियो म्हणायचा, हा तिसरा लंगडतोय, पण पोहोचतो. अजून तसाच लंगडतो. पायाखालची जमीन त्याच तालात हलत होती.

मी इंजिनाच्या उजव्या बाजूला वाकून तेलाचे थेंब बघत होतो. आणि माझ्या डाव्या खांद्यावर कोणीतरी दोन चापट्या मारल्या.

मला वाटलं गाडीवान. मागे वळलो तर तो दारात उभा, कानांत बोटं घालून. बाल्बिस त्याच्याही पलीकडे. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन पडलं होतं. मी प्यायलो नव्हतो. घरी जाऊन सदरा काढून खांदा बघितला. काय दिसणार होतं देव जाणे.

हे तुम्हाला लिहू नये असं वाटत होतं. पण दुसऱ्या कोणाला लिहू?

रेमिजो


मोंतेरूवो, ३० सप्टेंबर

भावोजी,

द्राक्षं उतरवून झाली. हात काळेनिळे आहेत, कागदावर डाग पडले तर चालवून घ्या.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आधी मला तुमचा राग आला. पंधरा वर्षं मी मृतांच्या दिवशी त्याचा पेला भरून ठेवते, ताटलीत उकडलेल्या चेस्टनट ठेवते, आणि सकाळी सगळं जसंच्या तसं. माझ्याकडे एकदाही आला नाही. आणि तुमच्याकडे येतो, तोही कारखान्यात, भर उन्हात. त्या माणसाला घरापेक्षा ते धुडच जवळचं होतं, हे मी लग्नाच्या आधीपासून ओळखून होते.

मग विचार केला. एक चापटी म्हणजे मागून गाडी येतेय. दोन म्हणजे वेग कमी कर. तीन म्हणजे सगळं ठीक, हाण. लग्नाच्या पहिल्या वर्षी जेवताना सुद्धा तो मला तशाच मारायचा. पोलेंता भराभर खाल्ला की दोन. तर मला वाटतं तो तुम्हाला म्हणतोय, घाई करू नका, दमाने घ्या. पण नाही म्हणत नाहीये. नाही म्हणायचं असतं तर त्याने सरळ कान उपटला असता.

फक्त तारीख लिहिली याचं मात्र नवल वाटतं. पाव विकत घेताना दहा वाक्यं बोलणारा माणूस. असो, सकाळची गडबड असेल.

त्याचं शेवटचं कार्ड माझ्याकडे आहे ते तुम्ही कधी पाहिलं नाही. आज तुमच्यासाठी उतरवून देते. आदल्या दिवशीचं, शनिवारचं आहे. "डेल्फिना, गाडी तराजूवर चढवली तर चार किलो जास्त. इंजिनियर केस उपटतोय. गादीचं कातडं काढलं, रंग खरवडला, मी म्हटलं माझ्या मिशा घ्या. रेमिजो आहे, तो काहीतरी काढेल. तुझ्या हातचं सूप हवं होतं. ए." बघा, तुमच्यावर किती भरवसा होता.

मी ठरवलंय भावोजी. डाग पुसायचा तेव्हा पुसेल. तो स्वतः तुमच्या खांद्यावर हात ठेवतोय, तर मी कोण आडवी येणारी? मालकाला सांगून टाकते की सान मार्तिनोनंतर दुसरा माणूस बघा.

तुमची
डेल्फिना


तोरिनो, १४ ऑक्टोबर

वहिनी,

उशीर झाला. हाताला लागलं होतं, विशेष नाही.

मालकाला इतक्यात काही सांगू नका. घर लहान आहे, हिवाळ्यात इथे धुकं फार असतं, तुम्हाला सोसणार नाही. वसंतानंतर बघू.

इंजिन रोज चालवतो. रोज दोन पडतात.

रे.


मोंतेरूवो, १९ ऑक्टोबर

रेमिजो,

आज भावोजी लिहीत नाही.

तुमचं चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, दुसरी कोणी भेटली असेल. ती गोष्ट मी समजू शकले असते. दोन दिवस चरफडले आणि कामाला लागले.

काल शेजारच्या पिएरोचं जू मोडलं. नवा पट्टा ओवायला त्याने परवाच त्या जुवाला दोन भोकं पाडली होती. बैल जरा चढाला लागले आणि लाकूड बरोबर त्या भोकांतूनच गेलं. पिएरोची बायको त्याच्यावर ओरडत होती, मेल्या, जिथे जोर येतो तिथेच पाडलीस. आणि मी हातातली टोपली तिथेच टाकून घरी आले आणि एवाझियोचं कार्ड काढलं.

ते कार्ड मी पंधरा वर्षं वाचतेय. दर वेळी मला मिशा दिसायच्या आणि हसू यायचं. काल पहिल्यांदा मला चार किलो दिसले.

गाडी दुसऱ्या दिवशी धावली म्हणजे तराजूवर बसली. म्हणजे कोणीतरी ते चार किलो काढले. कातडं काढून आणि रंग खरवडून चार किलो जात नाहीत, एवढं लोणी विकणाऱ्या बाईला कळतं.

तुम्ही कुठून काढलेत?

आणि झाकणावर काय लिहिलंय? या वेळी खरं लिहा.

डेल्फिना रावेरा


तोरिनो, २८ ऑक्टोबर

डेल्फिना,

तुम्ही आडनावासकट सही केलीत, तेव्हा मला कळलं की आता लपवायला काही उरलं नाही.

भोकं मी पाडली. गाडी हलकी करायची तर सगळेच पाडायचे. ब्रेकच्या दांड्याला, पायाच्या पट्ट्यांना, बैठकीच्या लोखंडाला. जिथे लोखंड नुसतंच बसलंय तिथलं काढायचं, हे आमचं कसब होतं. मी एकवीस वर्षांचा होतो आणि त्या कामात माझा हात कोणी धरत नव्हतं. संध्याकाळी चार वाजता सगळं पाडून झालं, तरी तराजूचा काटा थोडा वर राहिला. पावशेरही नसेल. इंजिनियर म्हणाला, तासाभरात उतरत नसेल तर गाडी उद्या बसवून ठेवतो.

स्टिअरिंगचा दांडा सोडून सगळं पाडलं होतं. त्याला हात लावायचा नसतो. पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी सात भोकं पाडली. सुबक, एका रेषेत, कडा घासून गुळगुळीत केल्या. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला होता. काटा खाली आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीही विचारलं नाही की शेवटचं कुठून काढलंस.

तिसऱ्या फेरीत दांडा चौथ्या भोकापाशी तुटला. मी पळत तिथे पोहोचलो तेव्हा गाडी खड्ड्यात कलंडली होती, एवाझियो पॉप्लरच्या बुंध्याशी होता आणि इंजिन चालूच होतं. मागची चाकं हवेत फिरत होती. लोक लांब उभे होते, जवळ जायची कोणाची छाती होत नव्हती. एक, दोन, तीन, चार, तिसरा लंगडत. मीच जाऊन ते बंद केलं. आधी इंजिन बंद केलं आणि मग भावाकडे गेलो. तो क्रम मी विसरू शकत नाही.

तुटलेले तुकडे मी खिशात घातले. पुढे पो नदीत टाकले. चौकशीत साहेब म्हणाले, इशारा दिला नाही. मला माहीत होतं की दांडा तुटल्यावर इशारा देऊन काही उपयोग नसतो, आणि मी तोंड शिवून बसलो. तेव्हा वाटलं, मेलेल्याचं काय जाणार आहे. त्याचं नाव गेलं आणि तुमची पंधरा वर्षं गेली. तुमची कौलं बदलताना दर वेळी वाटायचं आज सांगू. मग तुम्ही शिडी धरून म्हणायचा, भावोजी, जपून.

झाकणावर तारखेखाली लिहिलंय: "रेमिजो, दांड्याला सात भोकं. पाहिली. परत आल्यावर तुझा कान उपटतो." तो मजकूर माझ्यासाठी होता. शर्यतीनंतर झाकण मीच उघडणार, हे त्याला माहीत होतं. त्याखाली आणखी काही आहे, तेल वाळून घट्ट बसलंय. मी ते खरवडलं नाही. माझ्याने पुढे वाचवलं नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं, डेल्फिना. माहीत असून बसला. बोलला असता तर गाडी बाद आणि माझी नोकरी गेली असती.

आता उत्तर नको. सान मार्तिनोला मला काही विचारायचं नाहीये.

रेमिजो


मोंतेरूवो, २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

रेमिजो,

तुम्हाला उत्तर नको असलं तरी मला द्यायचंय.

तुम्ही बांधून दिलेल्या फळीवर तुम्ही आणलेली बरणी होती, ती उचलून अंगणात फेकली. मग काचा वेचल्या, कारण कोंबड्यांच्या पायाला लागतील. माझा संताप सुद्धा मला धड करता येत नाही.

भोकं तुम्ही पोरवयात पाडलीत. त्याचं मी काही म्हणणार नाही, ते तुम्ही आणि तुमचा देव बघून घ्या. पण गप्प बसलात ते पोरवयात नाही. तिशीत बसलात, पस्तिशीत बसलात, माझ्या टेबलावर माझं सूप पीत बसलात. पाणवठ्यावरचं बोलणं मी तुम्हाला सांगायचे तेव्हा तुम्ही मान खाली घालायचात. मला वाटायचं, भावासाठी दुःख होतंय.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, ओर्मेझानो साहेबांकडे जा आणि मला लिहिलंत ते त्यांच्या तोंडावर सांगा. नंतर चौकशी करणाऱ्या मंडळाला लिहून द्या, आणि पत्राची नक्कल आमच्या पाद्रीबाबांना पाठवा. रविवारच्या प्रार्थनेनंतर ते ती वाचून दाखवतील, मी बोलून ठेवलंय. दोन, ते झाकण मला पाठवा.

पेला आजही भरून ठेवला. कोणी आलं नाही.

डेल्फिना


तोरिनो, ८ नोव्हेंबर

डेल्फिना,

मंडळाला पत्र गेलं. नक्कल पाद्रीबाबांना गेली.

साहेबांकडे शनिवारी गेलो. म्हातारे झालेत, लाकडी पायावर पांघरूण घालून खिडकीशी बसतात. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सात भोकांपासून पो नदीपर्यंत. मला वाटलं काठी घालतील. त्यांनी नुसतं विचारलं, "तो दांडा तुटायच्या आधी डगमगतो का?" मी म्हटलं, "हो, थोडा वेळ. शेजारच्याला आधी जाणवतं, त्याचा हात बाहेरच्या दांडीवर असतो."

मग ते स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इथे. दोनदा. चांगल्या जोरात. पुलापासून मारत होता. मी पुढे होतो रे, पहिला होतो. ऐकलं नाही."

एवाझियोने इशारा दिला होता, डेल्फिना. तो गोठला नव्हता.

साहेब म्हणाले, रोज पडतात. जेवताना, दाढी करताना. म्हणून इंजिन जवळ ठेवलं होतं, वाटायचं एवाझियो तिथेच राहील, माझ्यापर्यंत येणार नाही. तरी यायचा. शेवटी बाल्बिसला देऊन टाकलं. मी माझा खांदा दाखवला. आम्ही दोघं एकमेकांचे खांदे बघत बसलो होतो, बाहेरून कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मग त्यांनी कागद मागवला आणि आपल्या हाताने लिहून सही केली. ते पत्र सोबत आहे. मी घडी करून ठेवलंय, वाचताना बसून वाचा.

झाकण आज पार्सलने निघालं. ते नसताना इंजिन चालत नाही, सगळं तेल बाहेर येतं. बाल्बिस म्हणाला नवीन ओतून घेऊ. मी म्हटलं, या इंजिनाला दुसरं झाकण मी लावणार नाही, तू दुसरा माणूस बघ. तो फार वाईट बोलला, पण त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. इंजिन पुन्हा गोणपाटाखाली आहे आणि मी घरी आहे.

घरात इंजिन नाही. तरी चापट्या पडतात. दोनच.

रेमिजो


मोंतेरूवो, १३ नोव्हेंबर

रेमिजो,

पार्सल सान मार्तिनोच्या आदल्या दिवशी आलं. पोस्टमनने टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "काय मागवलंस, चर्चची घंटा?"

राखेच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवलं आणि सकाळी चिंधीने घासलं. तेल कितीतरी वेळ निघतच नव्हतं. त्याचं अक्षर वर आलं तेव्हा मी बोट फिरवून बघितलं. "कान उपटतो" मध्ये टोच्या घसरलाय, हसत असणार तेव्हा.

त्याखालची ओळ अशी आहे: "नाही आलो तर डेल्फिनाला तूच सांग. दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नकोस."

बस. एवढंच. मग सही.

म्हणजे त्याने तुम्हाला एक काम सांगून ठेवलं होतं. तुम्ही ते न वाचताच केलंत, स्वतःच्या हाताने, तुमच्या अठ्ठावीस तारखेच्या पत्रात. पंधरा वर्षं उशीर करून. पण दुसऱ्या कोणाकडून कळलं नाही, हे मी कबूल करते. कबूल करताना मला तुमचा रागच येतोय, तेही लिहून ठेवते.

आज प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी दोन्ही पत्रं वाचली, आधी तुमचं आणि मग साहेबांचं. "पुलापासून मारत होता" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. बाहेर आल्यावर पिएरोची बायको माझ्याजवळ आली. पाणवठ्यावर सगळ्यांत जास्त तीच म्हणायची. तिला काही बोलता येईना. मी म्हटलं, अगं बोल की. आणि पुढचं वाक्य मी म्हटलं नाही. ती रडायला लागली.

एवाझियोने तुम्हाला माफ केलंय, ते झाकणावर स्पष्ट आहे. ते त्याच्यापुरतं. त्याला पंधरा वर्षं काढावी लागली नाहीत. माझं अजून झालेलं नाही आणि होईल की नाही ते मला माहीत नाही.

शुक्रवारी, सान मार्तिनोला, मी करारावर सही केली. आणखी एक वर्ष इथेच आहे. झाकण चुलीच्या वर टांगलंय, आतली बाजू खोलीकडे करून. काल सूप ढवळताना माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी पडल्यासारखं वाटलं. मी वळले नाही. एकदाच पडलं. एक म्हणजे मागून कोणीतरी येतंय.

तुमच्या दोन पडतात ना? पडू देत. तुम्ही ज्या वेगाने माझ्या दारापर्यंत आलात, तो कमीच करायला हवा होता. कौलं यंदा पिएरो बघेल. तुम्ही येऊ नका.

ज्या दिवशी तीन पडतील, त्या दिवशी मात्र मला लिहा.

डेल्फिना